जॉन मिल्टन : अंध कवीचे महाकाव्य आणि त्याचे वाचक



मोठी कविता शिकवायला घेतली की दुसऱ्या पानावर मुलं चुळबुळ करायला लागतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांची कविता दहा हजारांहून जास्त ओळींची आहे. आणि बरं का, ती छापून आली तेव्हा चांगली शिकलेली मोठी माणसंसुद्धा अडखळली होती.

जॉन मिल्टन यांचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील कायद्याचे दस्तऐवज तयार करत, शिवाय त्यांना संगीताची आवड. मुलाची हुशारी बघून त्यांनी त्याला उत्तम शिक्षण दिले. लहानगा जॉन मध्यरात्रीपर्यंत वाचत बसायचा. पुढे केंब्रिज, मग इटलीचा प्रवास.

महाकाव्य लिहायचे हे त्यांनी तरुणपणीच ठरवले होते, पण मध्येच देशात यादवी युद्ध पेटले. मिल्टन राजाच्या विरोधी बाजूला होते. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याला मृत्युदंड दिला गेला, त्याचे त्यांनी लेखणीने समर्थन केले आणि नव्या सरकारात परदेशी पत्रव्यवहाराचे काम घेतले. डोळे अधू होतच होते. १६५२ पर्यंत ते पूर्ण अंध झाले. १६६० मध्ये राजेशाही परत आली. मिल्टन यांची पुस्तके जाळली गेली, त्यांना काही काळ अटकही झाली. जीव वाचला एवढंच.

आता विचार करा, डोळे गेलेले, ज्या बाजूसाठी आयुष्य घातले ती हरलेली, आणि अशा वेळी हा माणूस 'पॅराडाइज लॉस्ट' पूर्ण करतो! रात्री ओळी मनात जुळवायच्या आणि सकाळी जो कोणी लिहायला येईल त्याला सांगायच्या. वाचून दाखवायचे काम धाकट्या दोन मुलींकडे होते. ग्रीक, लॅटिन, हिब्रू असे सगळे त्या मोठ्याने वाचत, पण अर्थ त्यांना शिकवलेलाच नव्हता. मला ही गोष्ट फार खटकते. एवढा विद्वान बाप, पण घरातल्या मुलींना नुसते उच्चार!

या काव्याच्या पहिल्या वाचकांपैकी एक होता थॉमस एलवुड हा तरुण मित्र. १६६५ च्या प्लेगमध्ये मिल्टन लंडन सोडून गावी राहायला गेले, तेव्हा त्यांनी हस्तलिखित त्याला दिले. वाचून झाल्यावर त्याने सहज विचारले, की स्वर्ग गमावल्याचे तर खूप सांगितले, पण तो परत मिळाल्याचे काय? मिल्टन गप्प बसले. काही काळाने त्यांनी त्याच्या हातात दुसरे काव्य ठेवले, 'पॅराडाइज रिगेन्ड'. एका वाचकाच्या प्रश्नात किती ताकद असते बघा.

१६६७ मध्ये मुद्रक सॅम्युअल सिमन्स यांनी पुस्तक छापले. करार झाला ५ पौंडांचा, आणि १३०० प्रती खपल्यावर आणखी ५. पण वाचकांची तक्रार येऊ लागली, की ओळींना यमक का नाही? आणि गोष्ट कुठे चालली आहे? शेवटी सिमन्स यांनी कवीकडूनच प्रत्येक सर्गाचा गद्य सारांश आणि यमक न वापरण्याचे कारण लिहून घेतले आणि पुढच्या प्रतींना जोडले. आपण धड्याआधी गोषवारा सांगतो, तसंच की! १६६९ मध्ये दुसरे ५ पौंडही मिळाले.

मिल्टन नोव्हेंबर १६७४ मध्ये वारले. वाचकांचा वाद मात्र चालूच राहिला. ॲडिसन यांनी १७१२ मध्ये दर शनिवारी एक, असे १८ लेख लिहून सामान्य वाचकाला हे काव्य समजावले. बेंटली या पंडिताला वाटले की अंध कवीच्या काव्यात कोणीतरी ढवळाढवळ केली आहे, म्हणून १७३२ मध्ये त्याने शेकडो ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. लोक हसले. डॉ. जॉन्सन यांनी काव्याची थोरवी मान्य केली, आणि ते खाली ठेवले की पुन्हा उचलायचे राहून जाते हेही प्रामाणिकपणे सांगून टाकले. ब्लेक आणि शेली यांना तर देवापेक्षा बंडखोर सैतानच जास्त जिवंत वाटला. आपल्याकडे बंगालीत मायकेल मधुसूदन दत्त यांनी मिल्टन यांच्यापासून स्फूर्ती घेऊन निर्यमक छंदात 'मेघनादवध काव्य' (१८६१) लिहिले. त्यात सहानुभूती वळते ती रावणाकडे आणि त्याच्या मुलाकडे.

नववीच्या वर्गात मी ही हकिकत सांगितली, तेव्हा सैतान नायक होऊ शकतो का यावर मुलांचे दोन गट पडले. एका मुलीने मात्र वेगळेच विचारले. त्या वाचून दाखवणाऱ्या लेकींचे पुढे काय झाले?

धाकटी डेबोरा म्हातारपणी गरिबीत राहिली. ॲडिसन यांनी तिला मदत केली. तिला भेटायला येणाऱ्यांना ती होमर आणि ओव्हिड यांच्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवायची.