वेणाबाई

वेणाबाई ऊर्फ वेणास्वामी (इ.स.चे १७वे शतक; निधन : चैत्र वद्य १४, शके १६००, इ.स. १६७८, सज्जनगड) या समर्थ रामदासांच्या शिष्या, रामदासी संप्रदायातील प्रमुख कवयित्री, कीर्तनकार आणि मिरज येथील मठाच्या मठाधिपती होत्या. बालविधवा असलेल्या या स्त्रीला संप्रदायाने 'स्वामी' ही एरवी पुरुष संन्याशांना व मठाधिपतींना लावली जाणारी उपाधी दिली. आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेचा मठ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांची समाधी सातारा जिल्ह्यातील सज्जनगडावर आहे.

जीवन

सांप्रदायिक परंपरेनुसार वेणाबाईंचे माहेर कोल्हापूरचे व सासर मिरजेच्या देशपांडे घराण्यातले. लहान वयातच त्यांना वैधव्य आले. तत्कालीन ब्राह्मण समाजात विधवेला पुनर्विवाह निषिद्ध होता आणि मंगल कार्यांत तिला स्थान नव्हते. वेणाबाईंना मात्र वाचनाची गोडी होती. त्या तुळशीवृंदावनाजवळ एकनाथी भागवत वाचत असताना रामदास भिक्षेसाठी आले. वाचलेले समजते का, असे त्यांनी विचारल्यावर वेणाबाईंनी आपल्या शंका त्यांच्यापुढे मांडल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांनी रामदासांचा अनुग्रह घेतला.

तरुण विधवेने गोसाव्याच्या कीर्तनाला जावे, हे लोकांना रुचले नाही. लोकापवादाला कंटाळून घरच्यांनीच त्यांना विष दिले आणि गुरुकृपेने त्या वाचल्या, अशी कथा संप्रदायात सांगितली जाते. ही कथा चमत्काराची असली, तरी विधवेने गुरू करण्याकडे तेव्हाचा समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे तीतून कळते. त्यानंतर वेणाबाई घर सोडून चाफळ येथे राहू लागल्या. चाफळ आज सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. रामदासांनी तेथे शके १५७० (इ.स. १६४८) मध्ये राममंदिराची स्थापना केली होती.

मिरजेचा मठ

रामदासांनी वेणाबाईंना उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली आणि मिरजेच्या मठाचा अधिकार त्यांच्याकडे सोपवला. मठाधिपतीकडे मठाची उपासना, कीर्तन, भिक्षा, उत्सव आणि शिष्यांना अनुग्रह देणे ही कामे असत. ज्या गावात त्या विधवा सून म्हणून राहिल्या होत्या, त्याच गावात त्या गुरुस्थानी बसल्या. त्यांच्या शिष्यपरंपरेत बाइयाबाई यांचे नाव येते. 'समर्थप्रताप' या ग्रंथाचे कर्ते गिरिधरस्वामी याच परंपरेतील होत.

'स्वामी' ही उपाधी

'स्वामी' हा शब्द संस्कृत 'स्वामिन्' या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ धनी किंवा अधिपती असा आहे. त्याचे 'स्वामिनी' हे स्त्रीलिंगी रूप मराठीत रूढ आहे. भक्तिपर लेखनात ते मुख्यतः देवीला उद्देशून येते. रामदासी संप्रदायाने वेणाबाईंना आणि चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था पाहणाऱ्या अक्काबाईंना हे रूप न लावता अनुक्रमे वेणास्वामी व अक्कास्वामी म्हटले. उपाधी पुल्लिंगी राहिली, पण तिच्यासोबतची क्रियापदे स्त्रीलिंगी आदरार्थी बहुवचनात येतात. उदाहरणार्थ, वेणास्वामी मिरजेस राहिल्या.

वारकरी परंपरेत याच्या उलट दिशेचा प्रयोग दिसतो. तेथे पुरुष असलेल्या ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणतात आणि विठ्ठल 'विठाई' होतो. 'गुरुमाउली' हा शब्दही पुरुष गुरूंसाठी सर्रास वापरला जातो. या संबोधनांत गुरूचे वात्सल्य व्यक्त होते, तर 'स्वामी' या पदात त्याचा अधिकार व्यक्त होतो. गुरूला आई म्हटल्याने स्त्रीला गुरुपद मिळतेच असे नाही. वेणाबाईंच्या बाबतीत अधिकाराचेच पद स्त्रीला मिळाले.

'बाई' हा प्रत्ययही या भागात कमीपणाचा नाही. कोल्हापूरची अंबाबाई आणि वाई तालुक्यातील मांढरदेवची काळूबाई या देवींच्या नावांत तो आहे. त्यामुळे वेणाबाई व वेणास्वामी ही दोन्ही नावे आदराचीच असून आजही दोन्ही प्रचारात आहेत.

ग्रंथरचना

सीतास्वयंवर हे वेणाबाईंचे सर्वांत प्रसिद्ध ओवीबद्ध काव्य आहे. सीतेच्या विवाहाचा सोहळा हा त्याचा विषय. ज्या स्त्रीला वैधव्यामुळे लग्नमंडपात मज्जाव होता, तिने विवाहातील विधी, मानपान व स्त्रियांचा उत्साह यांचे तपशीलवार वर्णन करावे, हे या काव्याचे वैशिष्ट्य आहे. याशिवाय उपदेशरहस्य, पंचीकरण, कौल, रामगुहसंवाद, रामायणाची काही कांडे आणि अभंग व पदे ही रचना त्यांच्या नावावर आहे.

रामदासी उपासनेत राम व मारुती यांच्याबरोबर देवीलाही स्थान आहे. तुळजाभवानीला रामदासांनी रामवरदायिनी, म्हणजे रामाला वर देणारी, या रूपात आळवले. कृष्णाकाठच्या अंगापूर येथील डोहात त्यांना रामाची व अंगलाईदेवीची मूर्ती सापडली, असे परंपरा सांगते. अंगलाईचे मंदिर सज्जनगडावर आहे.

निधन व स्मृती

रामदास इ.स. १६७६ पासून सज्जनगडावर वास्तव्यास होते. वेणाबाई मिरजेहून तेथे आल्या आणि गुरूंसमोर कीर्तन करीत असतानाच त्यांनी देह ठेवला, असे परंपरा मानते. त्यानंतर सुमारे चार वर्षांनी, इ.स. १६८२ मध्ये रामदासांचे निधन झाले. गडावर रामदासांच्या समाधीच्या परिसरात वेणाबाईंची समाधी असून अक्काबाईंचे वृंदावनही गडावरच आहे. मिरज येथील वेणास्वामी मठात त्यांची परंपरा आजही जपली जाते.