थापटण्याची परीक्षा : संत गोरोबाकाका

उन्हाळा लागला की मलकपेठेत रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी दिसू लागतात. घरातील वडीलधारी बाई माठ घेण्यापूर्वी त्यावर बोटांनी टकटक करून पाहते. आवाज खणखणीत निघाला तर माठ घरी येतो, बद्द निघाला तर जागच्या जागी राहतो. सुमारे सातशे वर्षांपूर्वी एका कुंभाराने हीच परीक्षा माणसांची घेतली. त्या संत गोरोबाकाकांचे चरित्र आम्ही विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत. आमच्या घरची बोली कोंकणी. परंतु पंढरीची वाट बोलीपाशी अडत नाही.

गोरोबांचे गाव तेर, तेरणा नदीच्या काठी. आज ते महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात आहे; १९५६ पर्यंत मात्र ते हैदराबाद राज्यातच होते. गाव फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक वर्णनात त्याचे नाव ‘तगर’ असे येते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेतून तलम वस्त्रे गाड्यांनी भडोच बंदराकडे जात. तेथे सापडलेली सातवाहनकालीन मातीची भांडी व मूर्ती गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जतन केलेली आहेत. अशा या गावी, परंपरेनुसार इ. स. १२६७ मध्ये, माधवबुवा व रखुमाई यांच्या पोटी गोरोबांचा जन्म झाला.

कुंभाराचे शिक्षण बापाच्या चाकाशेजारी होते. माती खणावी, खडे वेचावे, राख व लीद मिसळून ती पायांनी तुडवावी. चाकावर भांडे उठवून दोऱ्याने कापून घ्यावे. थोडे सुकल्यावर आतून गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकावे आणि शेवटी आव्यात भाजावे. यांतील एकही पायरी टाळता येत नाही. उन्हात वाळलेले मडके पक्के दिसते, पण पाण्यात पडताच त्याचा चिखल होतो. आव्याची आच लागून मातीच्या अंगी मुरलेले पाणी निघून गेले, म्हणजे मगच ती पुन्हा चिखल होत नाही.

गोरोबांच्या आयुष्यातील आच फार दारुण होती. महीपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथातही ही कथा आहे. विठ्ठलनामात देहभान विसरून माती तुडविताना त्यांचे रांगते मूल पायांखाली आले. पुढे मूल परत मिळाल्याचे कथा सांगते, आणि ऐकणारे तेवढ्यावर सुखावतात. आम्हांला मात्र त्या मातेचा आक्रोश विसरता येत नाही. तिचा संताप रास्तच होता, आणि कथेतही त्याला कोणी खोटे ठरविलेले नाही.

एकदा निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव गोरोबांकडे जमले होते. वयाने वडील म्हणून सारे त्यांना काका म्हणत. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे कळताच तिने जमलेल्यांचीही पारख करावयास सांगितले. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्वांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र दुखावले. आणि तेच मडके कच्चे, असा निर्णय काकांनी दिला.

विठ्ठलाचा लाडका म्हणून ज्याची ख्याती, त्याला चारचौघांत कच्चा म्हणावे, हा घाव लहान नव्हता. नामदेव रुसून पंढरपुरास परतले. पण ते रुसूनच राहिले असते, तर आज त्यांची ही कथा आपण सांगितली नसती. ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले, नव्याने शिष्य झाले, आणि पुढे त्यांचे नाव पंजाबपर्यंत पोहोचले.

गोरोबांनी इ. स. १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस देह ठेवला, असे परंपरा मानते. तेर येथे त्यांची समाधी आहे. त्यांचे अभंग आज मोजकेच उपलब्ध आहेत.

दर वर्षी उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई फिरविताना आम्हांला हे थापटणे आठवते. ते हाती धरणाऱ्याने स्वतः आच सोसलेली असावी, ही जाणीव प्रथम आम्हांला टोचते. आणि ज्याच्या मस्तकावर ते पडेल, त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावेसे वाटते, की कच्चे मडके फोडून टाकण्याचे कारण नाही. त्याला अजून आव्यात जावयाचे आहे.