मागचं सोडणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे

आजचं वाचन : फिलिप्पैकरांस पत्र ३:४-१४



आजच्या भागात पौल सांगतो की मागच्या गोष्टी विसरून तो पुढच्या ध्येयाकडे धावतोय. हे वचन आपण हौसेने स्टेटसला ठेवतो, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. हे लिहिण्याआधी, त्याच अध्यायात, पौलाने आपला भूतकाळ मांडलाय. बन्यामिनी वंश, परूशी असणं, नियमशास्त्र काटेकोर पाळणं, आणि मंडळीचा छळ करणंसुद्धा. त्याला सगळं लख्ख आठवतंय. मग तो सोडतो ते नेमकं काय?

आज पंडिता रमाबाईंचं आयुष्य या वचनाच्या शेजारी ठेवून पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः हात लावला. उंची कमी, म्हणून ते ओझं त्यांनी डोक्यावर घेतलं. तेव्हा त्या विशीतही नव्हत्या.

भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच पायी देशभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने तेही गेले. वय २३, हातात लहानगी मनोरमा.

म्हणजे पौलासारखंच. एका बाजूला मिरवावं असं बरंच काही, दुसऱ्या बाजूला न सोसवणारं बरंच काही.

१८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथे आपल्याला वाटतं, झालं, आता सगळं मागे पडलं! तसं झालं नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे सांगितलं की धर्म तर मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः अजून भेटला नव्हता. ती शांती मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. दरम्यान त्या अमेरिकेला जाऊन आल्या, पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीच्या भागात शारदा सदन सुरू केलं. बाहेरून सगळं यशस्वी दिसत होतं. आतून मात्र त्या अजून शोधत होत्या. आपली सगळी धडपड बाजूला ठेवून, आहोत तशाच त्या येशूकडे आल्या, तेव्हा मनाला विसावा मिळाला.

त्यानंतरची घटना बघा. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून त्यांना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. जिथे आपली सगळी माणसं गमावली, त्या आठवणीपासून दूर पळणं सोपं होतं. त्या उलट दुष्काळी भागात गेल्या, भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, शेकडो मुलींचं घर झालं.

संस्कृतही त्यांनी टाकून दिलं नाही. भाषेची तीच शिस्त घेऊन त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या.

आता पौलाचं विसरणं कळतं. त्याने आठवण पुसली नाही. भूतकाळाचा हक्क काढून घेतला. मी कोण, हे माझं कर्तृत्व ठरवणार नाही आणि माझी जखमही ठरवणार नाही, ते ख्रिस्त ठरवेल. रमाबाईंचा दुष्काळ त्यांच्या आठवणीत शेवटपर्यंत होता. पण प्रभूच्या हाती दिल्यावर त्याच आठवणीतून दुसऱ्यांच्या ताटात भाकर आली.

तुमचं ब्रेकअप असेल, गेलेला जॉब असेल, घरातलं एखादं मरण असेल. अजून आठवतं, म्हणून माझा विश्वास कमी पडतोय, असं स्वतःला बोल लावू नका. वेळ लागतो. पौलही याच भागात कबूल करतो की तो अजून पोहोचलेला नाही.

आज मनन करा : माझी कोणती आठवण मी लपवून ठेवलीय, जी प्रभू कुणाच्या तरी उपयोगी आणू शकेल?

प्रार्थना : प्रभू येशू, माझं मिरवणं आणि माझं दुखणं, दोन्ही तुझ्या हाती देतो. माझी ओळख तुझ्यात असू दे. आमेन.