रमाबाई रानडे आणि स्वावलंबनाची वाट

देवराष्ट्रे म्हटले की महाराष्ट्राला यशवंतराव चव्हाणांचे स्मरण होते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु यशवंतरावांच्या जन्मापूर्वी अर्धशतक, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावी कुर्लेकरांच्या घराण्यात यमुना नावाची एक मुलगी जन्मास आली होती, याची आठवण आपल्या जिल्ह्यातही फारशी काढली जात नाही. हीच यमुना पुढे रमाबाई रानडे म्हणून विख्यात झाली. त्या वेळी देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. कवठे महांकाळसारख्या तालुक्यात महिला बचत गट, समुपदेशन आणि कायद्याची माहिती देणारी शिबिरे यांचा बोलबाला असताना, या कार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक स्त्री आपल्याच मातीतली होती, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

कुर्लेकरांच्या घरी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, यमुनेचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा बत्तिशीच्या घरात होते आणि प्रथम पत्नीच्या निधनानंतरचा हा त्यांचा दुसरा विवाह होता. विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका बालिकेशी लग्न करावे, हा त्यांच्या चरित्रातील मोठाच विसंवाद होय. तो झाकण्याचे कारण नाही. मात्र ज्या मुलीशी विवाह केला तिला आपल्या बरोबरीला आणण्यासाठी रानड्यांनी पहिल्या दिवसापासून कंबर कसली, हेही तितकेच खरे. त्यांनी तिला आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. पाटी हाती घेतलेल्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे, अबोला आणि अवहेलना नित्य सोसावी लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, आणि अभ्यासही सोडला नाही.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे तेथील सभांना जाऊ लागल्या. घरातील विरोधाला त्यामुळे अधिकच धार चढली, पण चार स्त्रियांनी एकत्र बसून विचार करण्याची सवय त्यांना येथेच लागली. १८८४ साली मुलींसाठी जी शाळा पुण्यात निघाली व पुढे हुजूरपागा म्हणून नावाजली, तिच्या उभारणीत रानडे अग्रभागी होते. असे असले तरी, या काळापर्यंत रमाबाईंची ओळख मुख्यतः एका थोर पुरुषाची सुविद्य पत्नी एवढीच होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. एकोणचाळीस वर्षांची, अपत्य नसलेली विधवा त्या काळी माजघरात विसावली असती तर कोणीही नवल केले नसते. काही काळ रमाबाईंनी एकांतवास पत्करलाही. पण त्यानंतर त्या बाहेर पडल्या त्या कायमच्याच. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांच्या भेटीस त्या जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ साली मुंबईस सेवासदन स्थापिले, त्याच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदन सुरू झाले, ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात.

सेवासदनाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. विधवा आणि निराधार स्त्रिया यांच्याविषयी कळवळा दाखविणारे त्या काळीही पुष्कळ होते. रमाबाईंनी ओळखले ते असे की, आश्रय दिला की स्त्री उपकृत होते, पण हाती विद्या आणि मिळकत आली की ती स्वतंत्र होते. म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग निघाले, शिवणकाम आले, शिक्षिका तयार करण्याची सोय झाली आणि राहण्यासाठी वसतिगृहे झाली. परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुली ससून रुग्णालयात जाऊ लागल्या तेव्हा पुण्यात गदारोळ उठला. कुलीन घरच्या विधवेने परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच अनेकांना असह्य वाटली. रमाबाई डगमगल्या नाहीत. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे आपण ज्या आदराने पाहतो, तो आदर अशी निंदा सोसून मिळविलेला आहे.

पुढचे पाऊल हक्काचे होते. १९२० साली पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला आणि पैशाच्या अडचणीचे कारण सांगून मुलींना तूर्त वगळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा रमाबाईंनी स्त्रियांचा मोर्चा काढला. मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झालेल्या चळवळीतही त्या अग्रणी होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

या कार्याला मर्यादा होत्या. सेवासदनाचा लाभ प्रारंभी मुख्यतः शहरी, पांढरपेशा वर्गातील स्त्रियांना झाला. शेतमजूर आणि दलित स्त्रीपर्यंत पोहोचण्याची दिशा, नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून आपल्या शाळांतून दाखविली होती. तिच्याशी रमाबाईंच्या संस्थात्मक शिस्तीची सांगड घालणे, हे काम पुढील पिढ्यांवर पडले. १९८० च्या दशकात सांगली-साताऱ्यातील परित्यक्ता स्त्रियांनी स्वतंत्र शिधापत्रिकेसाठी आणि घरासाठी जी चळवळ उभारली, ती या सांगडीचेच एक रूप होय.

आपला तालुका अवर्षणप्रवण. येथील पुष्कळ पुरुष सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती जातात. मागे घर, शेत आणि म्हातारी माणसे सांभाळते ती स्त्री. एवढा भार वाहणाऱ्या स्त्रीच्या नावे सातबारा नसावा, हे कितपत न्यायाचे आहे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. पण तो बजावण्यासाठी जिच्या हाती चार पैसे नाहीत आणि रात्रीपुरता सुरक्षित निवारा नाही, तिच्या दृष्टीने कायदा कागदावरच राहतो.

म्हणून ८ मार्चचे सत्कार आणि शिबिरे यांवर समाधान मानून चालणार नाही. बचत गटातून मिळालेले कर्ज तिच्याच हाती राहते की घरातील पुरुषाच्या कामी येते, शिवणयंत्राबरोबर नियमित काम मिळते की नाही, संकटात सापडलेल्या बाईला तालुक्याच्या गावी हक्काने थांबता येईल अशी जागा आहे की नाही, हे प्रश्न शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि महाविद्यालयीन युवक-युवतींनी सतत विचारीत राहिले पाहिजेत. देवराष्ट्रेच्या यमुनेने आपला वाडा उघडला आणि त्यात विद्या, मिळकत व निवारा या तिन्हींची सोय केली. त्यांपैकी एक जरी उणी असेल, तरी स्त्रीचे स्वातंत्र्य अपुरेच राहील.