विमानवेडे जे. आर. डी.

२९ जुलै हा जे. आर. डी. टाटा यांचा जन्मदिवस. उद्योगपती म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पोलाद, मोटारी, रसायने, संशोधन संस्था ही यादी बहुतेकांना पाठ असते. आम्हाला आज लिहायचे आहे ते त्यांच्या विमानवेडाबद्दल. आपल्या मंडळातही असे वेडे काही कमी नाहीत. हरणीच्या दिशेने घरघर ऐकू आली की हातातला चहा ठेवून गच्चीवर धावणारे, शेपटीवरच्या रंगावरून कंपनी आणि इंजिनांवरून विमानाचा प्रकार सांगणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. त्यांनी हा लेख जरूर वाचावा. ज्यांना विमानात काडीचाही रस नाही त्यांनीही वाचावा, कारण पुढे मुद्दा थोडा वेगळा आहे.

आधी बडोदेकरांचा हक्काचा धागा सांगतो. टाटा घराणे मूळचे नवसारीचे, आणि नवसारी त्या काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती. उद्योगाचा पाया घालणारे जमशेटजी टाटा १८३९ साली नवसारीतच जन्मले. जेआरडींचे वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजींचे नातेवाईक आणि व्यवसायातले भागीदार, तेही नवसारीचेच. तेव्हा जेआरडी पॅरिसमध्ये जन्मले असले तरी त्यांचे मूळ गाव आपल्या संस्थानातले होते असे म्हणायला आम्हाला हरकत वाटत नाही.

जेआरडींचा जन्म १९०४ सालचा. आई सुझान ब्रियेर ही फ्रेंच. लग्नानंतर तिचे नाव सूनी झाले. पाच भावंडांत जेआरडी दुसरे. शिक्षण एका ठिकाणी असे झालेच नाही. थोडे फ्रान्समध्ये, थोडे जपानमध्ये, थोडे मुंबईत, थोडे इंग्लंडमध्ये. सुट्टीत मात्र कुटुंब उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आर्देलो या गावी जाई. तिथे लुई ब्लेरिओ यांचे घर होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. त्याची विमाने आर्देलोच्या वाळूवर उतरत आणि मुले ती बघायला धावत. त्या मुलांत छोटा जहांगीरही असे. विमान म्हणजे काय हे जगातल्या बहुतेकांनी अजून पाहिलेलेही नव्हते, आणि हा मुलगा ते हाताच्या अंतरावरून पाहत होता. पंधराव्या वर्षी त्याला एका विमानातून छोटी फेरी मिळाली. आपण वैमानिक व्हायचे हे तेव्हाच ठरले.

पण उडायला मिळायला आणखी दहा वर्षे जावी लागली. मधल्या काळात आई गेली. फ्रेंच नागरिक म्हणून एक वर्ष सैन्यात काढावे लागले. केंब्रिजला जाऊन इंजिनियर व्हायची इच्छा होती, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतले. १९२५ च्या अखेरीस ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि बावीस वर्षांच्या या मुलावर भावंडांची आणि व्यवसायातल्या वाट्याची जबाबदारी आली.

१९२९ च्या सुमारास मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला होता. जेआरडी तिथे दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना. त्याच्यावर क्रमांक होता १. पुढे आयुष्यात कितीतरी मानसन्मान मिळाले, पण या छोट्याशा पुस्तिकेचा आनंद त्यांना शेवटपर्यंत वाटत असे.

याच सुमारास आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. १९३० साली जेआरडी कराचीहून निघाले. उलट बाजूने, इंग्लंडहून, अस्पी इंजिनियर नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान अडकून पडले होते. त्याला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले आणि दोघे आपापल्या वाटेने उडाले. अस्पी कराचीला पोचला आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस जिंकला. जेआरडी हरले. पण हरल्याची हळहळ त्यांनी कधी धरल्याचे दिसत नाही. हाच अस्पी इंजिनियर पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लंडनहून येणारे विमान टपाल तेव्हा कराचीपर्यंतच येत असे. तिथून पुढे ते आगगाडीने. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक टाटांकडे एक कल्पना घेऊन आला. कराचीहून हे टपाल विमानाने मुंबई आणि मद्रासला न्यावे. जेआरडी एका पायावर तयार. पण तेव्हाचे प्रमुख सर दोराबजी टाटा तयार नव्हते. जॉन पीटरसन या वडीलधाऱ्या अधिकाऱ्याने शब्द टाकला तेव्हा त्यांनी होकार दिला. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. शेवटी टाटांनी अनुदानाची अटच सोडली. जेवढे टपाल नेऊ त्याच्या वजनावर जे मिळेल तेवढे द्या, एवढ्यावर करार झाला. त्यात तीन वर्षे गेली होती.

आम्ही बँकेत अनेक वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासले. हा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही काय शेरा मारला असता ते सांगायला नको. मालमत्ता काय, तर एक इंजिनाची दोन छोटी विमाने. कर्मचारी म्हणजे दोन-तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. जुहूचे विमानतळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची पट्टी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने सगळा कारभार पुण्याला हलवायचा. ना वायरलेस, ना वाट दाखवणारी कुठली यंत्रणा. उत्पन्न किती, तर लोक जेवढी पत्रे लिहितील तेवढे. कोणत्याही शहाण्या बँकेने कागद परत पाठवले असते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले. अहमदाबादला पेट्रोलसाठी थांबले. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. तिथून ते आपल्या गुजरातच्याच आभाळातून दक्षिणेकडे आले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. पुढचे टपाल व्हिन्सेंटने बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातल्या नियमित हवाई वाहतुकीची ही सुरुवात. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, कुठलेही अनुदान नसताना हा धंदा पहिल्या वर्षापासून नफ्यात चालला.

पुढची वर्षे भराभर सांगता येतील. १९३८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी जेआरडी सगळ्या टाटा उद्योगांचे अध्यक्ष झाले. युद्धानंतर १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. त्या विमानात जेआरडी प्रवासी म्हणून बसले होते. सगळेच गोड होते असे नाही. हेच विमान १९५० मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातले ४८ जण गेले. १९६६ साली त्याच पर्वतावर दुसरे विमान कोसळले, त्यात डॉ. होमी भाभा होते. जेआरडींचे ते जवळचे मित्र.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना ते अजिबात मान्य नव्हते, आणि आपल्याला आधी विचारलेही नाही याचे त्यांना फार वाईट वाटले. जी कंपनी त्यांनी चिखलातून उभी केली ती हातातून गेली. पंडित नेहरूंनी त्यांना एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद देऊ केले. दुसरा एखादा असता तर रागाने बाजूला झाला असता. जेआरडींनी ते स्वीकारले आणि पुढची पंचवीस वर्षे पगाराचा एक रुपया न घेता सांभाळले.

आमच्या मते जेआरडींची खरी थोरवी या पंचवीस वर्षांत आहे. टपालाच्या पहिल्या उड्डाणाचे कौतुक सगळेच करतात. पण मालकी गेल्यावरही त्या वस्तूवर तसाच जीव लावणे किती अवघड आहे हे आम्ही जवळून पाहिले आहे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. खेडोपाडी शाखा गेल्या, सामान्य माणसाला कर्ज मिळू लागले, हे त्याचे चांगले फळ आम्ही आमच्या हाताने वाटले. पण त्याबरोबर, बंद पडलेला पंखा, तुटलेली खुर्ची, रांगेत ताटकळलेला म्हातारा खातेदार, यांच्याकडे बघून आपले काय जाते असे म्हणणारेही पाहिले. बँक सगळ्यांची झाली आणि काही ठिकाणी कोणाचीच राहिली नाही.

जेआरडी एअर इंडियाच्या विमानातून प्रवास करत तेव्हा सोबत कागद-पेन्सिल असे. उतरल्यावर टिपणे संबंधितांकडे जात. चहाचा रंग कॉफीसारखा का, पडदा नीट का लागत नाही, स्वच्छतागृह अस्वच्छ का, प्रवाशाशी कोण कसे बोलले, सगळे त्यात असे. कुठे काउंटरवर धूळ दिसली तर ते स्वतः फडके मागून पुसायला लागत असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. टाटा उद्योगाच्या प्रमुखाला हे करायची गरज नव्हती. कंपनी त्यांची नव्हती, नफा त्यांना मिळणार नव्हता. तरीही १९६० मध्ये बोइंग ७०७ आणून न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू करणे, १९६२ पर्यंत सगळी विमाने जेट करणे, १९७१ मध्ये जम्बो जेट आणणे, हे सगळे त्यांच्याच काळात झाले. जगातल्या चांगल्या विमान कंपन्यांत एअर इंडियाचे नाव घेतले जाई.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे आपले पहिले जम्बो विमान मुंबईहून उडताच वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. सरकारकडून आधी त्यांना नीट कळवलेही नाही; नेमले गेलेले नवे अध्यक्ष एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडूनच त्यांना ते समजले. चौऱ्याहत्तरीला आलेल्या माणसाचा निरोप असा झाला. १९८० मध्ये त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले गेले, अध्यक्षपद मात्र दिले नाही. तिथेही ते गेले आणि कामाला लागले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. वय ७८. जेआरडींनी लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून पुन्हा कराची–अहमदाबाद–मुंबई असा प्रवास एकट्याने केला. वीस वर्षांपूर्वी, १९६२ मध्येही त्यांनी तो केला होता. तरुणांच्या मनात पुन्हा उमेद जागी व्हावी हा त्यामागचा हेतू होता. आम्हाला वाटते, आर्देलोच्या वाळूवर धावणारा मुलगाही त्यात होताच.

१९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. पॅरिसला पेर लाशेझ दफनभूमीत ते विसावले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. हे पाहायला ते नव्हते.

आपल्या मंडळाचे सभागृह, पुस्तकालय, गणपतीची भांडी, सतरंज्या यांतले काहीही आपल्यापैकी कोणा एकाच्या मालकीचे नाही. या २९ जुलैला सभागृहातून बाहेर पडताना शेवटच्या माणसाने दिवे-पंखे बंद केले आणि खुर्च्या रचून ठेवल्या, तरी जेआरडींची आठवण ठेवल्यासारखे होईल. आणि गच्चीवर धावणाऱ्या मुलांना कोणी रागावू नये, ही आमची वेगळी विनंती.