विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : गागोदे, ११ सप्टेंबर १८९५, मृत्यू : पवनार, १५ नोव्हेंबर १९८२) हे भूदान चळवळीचे प्रवर्तक, गीतेचे भाष्यकार आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. त्यांच्या आयुष्यातील सहा दशकांचा संबंध वर्धा जिल्ह्याशी आहे. भूदानामुळे त्यांचे नाव देशभर पोचले असले, तरी धर्मभावना दुखावल्याचे कारण पुढे करून होणाऱ्या हिंसेला त्यांनी आपल्या वर्तनातून दिलेले उत्तर हाही त्यांच्या चरित्राचा महत्त्वाचा भाग आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांबरोबर मंदिराच्या दाराशी गेल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला, तर कुराणातील वचनांचे संकलन केल्याबद्दल त्यांच्यावर दुसऱ्या बाजूने टीका झाली.

बालपण व शिक्षण

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहर शंभूराव भावे हे बडोद्यात नोकरीला असल्याने विनोबांचे शिक्षण तेथे झाले. आई रुक्मिणीबाई या श्रद्धाळू होत्या आणि त्यांच्या धार्मिक वृत्तीचा ठसा मुलावर उमटला. गीता मराठीत समजावी ही आईची इच्छा पुढे 'गीताई'च्या रचनेला कारण ठरली. गणित आणि संस्कृत हे विनोबांचे आवडीचे विषय होते.

१९१६ साली इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेतच गाडी बदलून काशीला गेले. बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभातील गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त वाचून त्यांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली. तेथून त्यांच्या आश्रमजीवनास प्रारंभ झाला.

वर्ध्यातील कार्य

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्ध्यात आश्रम काढण्यासाठी विनोबांना पाठविले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास आले. १९२३ साली त्यांनी तेथून 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक सुरू केले व त्यात उपनिषदांवर लेखन केले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास झाला. पुढे नालवाडी येथे आणि १९३८ पासून धाम नदीच्या काठी पवनार येथे त्यांचे वास्तव्य राहिले. वर्धा शहर, त्याला लागून वाढलेली पिपरी मेघे व नालवाडी ही गावे, सेवाग्राम आणि नागपूर रस्त्यावरील पवनार हा परिसर गांधीविचाराच्या रचनात्मक कार्याचे केंद्र बनला.

पवनारच्या आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना भरत आणि राम यांच्या भेटीचे शिल्प मिळाले. विनोबांनी त्याची तेथेच स्थापना केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनार येथेच युद्धविरोधी भाषण केले.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न

अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न विनोबांपुढे १९२५ साली त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे आला. मंदिरालगतचे रस्ते सर्वांसाठी खुले व्हावेत यासाठी तेथे सत्याग्रह चालू होता. गांधीजींच्या सूचनेवरून विनोबा तेथे गेले आणि त्यांनी सनातनी पंडितांशी संस्कृतातून चर्चा केली. चर्चेने पंडितांचे मत बदलले नाही.

वर्ध्यात मात्र जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. असे करणाऱ्या देशातील आरंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते.

अशा सुधारणांना अन्यत्र हिंसक विरोधही झाला. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगडफेक झाली. एप्रिल १९३४ मध्ये गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारण दौऱ्यात देवघरजवळील जसीडीह येथे सनातनी निदर्शकांनी त्यांच्या मोटारीवर हल्ला केला. २५ जून १९३४ रोजी पुण्यात त्यांच्या स्वागत समारंभाच्या वेळी बॉम्ब टाकण्यात आला. धर्म भ्रष्ट होतो आणि भावना दुखावतात, हेच कारण सनातनी विरोधक देत असत.

देवघर येथील मारहाण

भूदान पदयात्रेत बिहारमध्ये असताना १९ सप्टेंबर १९५३ रोजी विनोबा देवघरच्या वैद्यनाथ मंदिराकडे गेले. त्यांच्या सोबत दलितही होते. जेथे दलितांना प्रवेश नाही तेथे बळाने शिरायचे नाही, असा विनोबांचा नियम होता. या मंदिरात दलितांना जाता येते असे सांगण्यात आल्यावरच ते निघाले होते. मंदिराशी त्यांना विरोध झाला आणि पंड्यांनी त्यांच्यासह सोबत्यांना मारहाण केली. सोबत्यांनी विनोबांभोवती कडे केले, तरी एक तडाखा त्यांच्या डाव्या कानावर बसला. त्या कानाची श्रवणशक्ती पुढे मंदावली.

या घटनेनंतर काढलेल्या निवेदनात विनोबांनी, हल्लेखोरांनी हे कृत्य अज्ञानातून केले असून त्यांना शिक्षा व्हावी अशी आपली इच्छा नाही, असे स्पष्ट केले. मात्र दलितांना मंदिर बंद ठेवणे योग्य आहे, असे त्यांनी मान्य केले नाही. मारणाऱ्याला क्षमा आणि त्याच्या कारणाला नकार, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती. थोड्याच दिवसांत बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्या पुढाकाराने दलितांनी या मंदिरात प्रवेश केला. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता आधीच नष्ट केली होती. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने त्या कारणावरून मंदिरप्रवेश नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरविला.

पुरी, गुरुवायूर आणि पंढरपूर

देवघरनंतर विनोबांनी आपला नियम अधिक व्यापक केला. मार्च १९५५ मध्ये जगन्नाथपुरी येथे त्यांच्यासोबतच्या एका फ्रेंच महिलेस मंदिरात प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा विनोबा स्वतःही दर्शन न घेता परतले. केरळमधील गुरुवायूर येथेही ख्रिस्ती सहकाऱ्यांना मज्जाव झाल्याने ते आत गेले नाहीत. दार बंद असेल तर ते मोडायचे नाही, परंतु ते दुसऱ्याला बंद असताना आपण आत जायचे नाही, असा या वर्तनाचा अर्थ होता.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर दलितांसाठी खुले झाले होते. मे १९५८ मध्ये विनोबा पंढरपुरास आले, तेव्हा त्यांच्या पदयात्रेत अन्य धर्मांचे लोकही होते. मंदिराच्या सेवेकऱ्यांनी त्यांना सहकाऱ्यांसह दर्शनाचे आमंत्रण दिले. मुस्लिम व ख्रिस्ती सहकाऱ्यांसमवेत विनोबांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. पाच वर्षांपूर्वी ज्या कृतीबद्दल त्यांना मारहाण झाली होती, तिच्यापुढचे पाऊल येथे परस्पर संमतीने पडले.

कुराणसार आणि त्यावरील वाद

विनोबांनी कुराण मूळ भाषेत वाचता यावे म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी निर्वासितांच्या पुनर्वसनाचे व मेवातमधील मेव मुस्लिमांना पुन्हा वसविण्याचे काम केले. त्याच वर्षी ते अजमेरच्या दर्ग्यातील उरुसास उपस्थित राहिले. फाळणीतील कत्तलींचा अनुभव ताजा असतानाचे हे कार्य होते.

कुराणातील निवडक वचने विषयवार लावून त्यांनी जे संकलन केले, ते १९६२ च्या सुमारास 'रूहुल कुराण' म्हणजेच 'कुराणसार' या नावाने प्रसिद्ध झाले. ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच कराचीतील एका वृत्तपत्राने त्यावर टीका केली. मुस्लिमेतर व्यक्तीने पवित्र ग्रंथातील वचने निवडून काढणे ही त्यात ढवळाढवळ आहे, असा आक्षेप होता. भारतातील मुस्लिम पत्रांनी, पुस्तक न पाहता त्यावर टीका करणे अयोग्य असल्याचे म्हटले. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर विरोध ओसरला. सप्टेंबर १९६२ मध्ये विनोबांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा केली.

याच पद्धतीने त्यांनी बौद्ध, ख्रिस्ती व शीख धर्मग्रंथांवरही काम केले. त्यांच्या प्रेरणेने 'समणसुत्तं' हा जैन ग्रंथ तयार झाला. महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाणशताब्दीच्या निमित्ताने १९७४ साली दिल्लीत भरलेल्या संगीतीत जैन धर्माच्या विविध संप्रदायांच्या आचार्यांनी त्यास मान्यता दिली. दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावण्यापूर्वी त्याची भाषा शिकणे आणि संकलन त्या धर्माच्या जाणकारांपुढे ठेवणे, ही विनोबांची रीत होती.

कायद्याची पार्श्वभूमी

भारतीय दंडसंहितेत १८६० पासूनच धर्मविषयक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण होते. प्रार्थनास्थळाची विटंबना, धार्मिक सभेत अडथळा आणि एखाद्याच्या धर्मभावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द यांचा त्यात समावेश होता. लाहोरमधील एका पुस्तिकेच्या प्रकाशकाची १९२७ साली उच्च न्यायालयाने सुटका केल्यावर असंतोष उसळला आणि त्याच वर्षी कलम २९५-अ जोडण्यात आले. तरीही त्या प्रकाशकाचा १९२९ मध्ये खून झाला. नवीन कलमामुळे सूडाची भावना शमली नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

या कलमाखाली गुन्हा ठरण्यासाठी बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो. केवळ टीका किंवा मतभेद पुरेसा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविले. भावना दुखावल्या म्हणून मारहाण करण्याची मुभा मात्र कोणतेही कलम देत नाही. पाकिस्तानने याच वसाहतकालीन संहितेत १९८२ व १९८६ साली अधिक कठोर कलमे जोडली. भारतात ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे.

विनोबांचा भर कायद्यापेक्षा मनःपरिवर्तनावर होता. संप्रदायांत विभागलेल्या धर्माचे दिवस संपले असून यापुढे विज्ञान आणि अध्यात्म यांची जोड आवश्यक आहे, असे ते मानीत. ज्याला देवाचे रक्षण करण्यासाठी हात उगारावा लागतो त्याची श्रद्धा दुर्बळ असते, असा निष्कर्ष त्यांच्या आचरणातून निघतो.

भूदान व उत्तरायुष्य

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन देऊ केली. त्यातून भूदान चळवळ उभी राहिली. विनोबांनी तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी प्रवास केला. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे देह ठेवला.

टीका

विनोबांच्या भूमिकेवर विविध बाजूंनी टीका झाली आहे. मंदिरप्रवेश हा हक्काचा प्रश्न असताना तो उच्चवर्णीयांच्या हृदयपरिवर्तनावर सोपविला गेला, असा आक्षेप आंबेडकरी विचारधारेतून घेतला जातो. डॉ. आंबेडकरांनी काळाराम सत्याग्रहाच्या अनुभवानंतर मंदिरप्रवेशाचा मार्ग सोडून दिला आणि १९३५ साली येवला येथे धर्मांतराची घोषणा केली. मार खाणाऱ्या पुढाऱ्याने क्षमा केली तरी ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांच्या वतीने ती कोणी करावी, हा प्रश्न त्यातून उरतो.

एप्रिल १९७९ मध्ये केरळ व पश्चिम बंगालमध्ये गोवंशहत्याबंदीचा कायदा व्हावा यासाठी विनोबांनी उपोषण केले. धर्मभावनेशी निगडित विषयात येथे त्यांनी राज्याच्या दंडशक्तीची मागणी केली. देवघरच्या हल्लेखोरांसाठी शिक्षा न मागणाऱ्या विनोबांच्या भूमिकेशी ही मागणी विसंगत ठरते, असा आक्षेप घेता येतो. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवरही मोठी टीका झाली.

ग्रंथसंपदा

गीताई, गीता प्रवचने, स्थितप्रज्ञदर्शन, ईशावास्यवृत्ती, मधुकर, विचारपोथी, स्वराज्यशास्त्र, कुराणसार, ख्रिस्तधर्मसार, भागवतधर्मसार, धम्मपद (नवसंहिता) आणि जपुजी हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. 'गीता प्रवचने' ही १९३२ साली धुळे कारागृहात दिलेली व्याख्याने असून साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

गौरव व स्मारके

१९५८ साली विनोबांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. वर्ध्यातील गोपुरी येथे गीताईचे अठरा अध्याय शिळांवर कोरलेले गीताई मंदिर असून ते १९८० साली खुले झाले. त्यास छत व गाभारा नाही आणि ते सर्वांसाठी खुले आहे. पवनारच्या आश्रमात भरत-राम भेटीचे शिल्प आणि विनोबांचे निवासस्थान जतन केलेले आहे.