पाठदुखी असूनही डोंगर चढलेल्या इझाबेला बर्ड

तुम्हाला अनेक वर्षांपासून पाठदुखी असेल, तर सहलीचा विषय निघाल्यावर घरात काय होते हे तुम्हाला ठाऊक असेल. काळजीपोटीच, पण तुम्ही घरी थांबावे असे सगळ्यांचे ठरते. पुष्कळदा तुम्ही स्वतःही ते आधीच ठरवून टाकलेले असते. म्हणून आज एकोणिसाव्या शतकातील एका रुग्णाची ओळख करून देतो. इझाबेला बर्ड प्रवासवर्णनांसाठी जगभर प्रसिद्ध झाल्या, पण त्यांच्या आजारपणाबद्दल फारसे बोलले जात नाही.

त्यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते. लहानपणापासून मणक्याचे दुखणे, जोडीला डोकेदुखी आणि निद्रानाश. १८५० साली मणक्याजवळची एक तंतुमय गाठ शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. एमआरआय तर दूरच, क्ष-किरणांचा शोध लागायलाही अजून ४५ वर्षे होती. शस्त्रक्रियेचा काही प्रमाणात उपयोग झाला, पण दुखणे गेले नाही. पुढे आयुष्यभर ते कमी-जास्त होत राहिले.

त्या काळी अशा रुग्णांना समुद्रप्रवासाचा सल्ला दिला जाई. १८५४ मध्ये वडिलांनी त्यांना १०० पौंड दिले आणि ते पुरतील तितके दिवस अमेरिकेत राहण्याची मुभा दिली. त्या प्रवासावरचे पुस्तक १८५६ साली आले. आई-वडिलांच्या निधनानंतर दोघी बहिणी स्कॉटलंडमध्ये राहत होत्या. तिथे इझाबेलांची तब्येत पुन्हा ढासळली. वयाच्या चाळिशीत, १८७२ साली, त्या पुन्हा जहाजावर चढल्या. ऑस्ट्रेलिया मानवले नाही. न्यूझीलंडहून निघून १८७३ च्या जानेवारीत त्या हवाई बेटांवर पोहोचल्या.

खोगीर बदलले

हिलो गावाहून किलाउएआ ज्वालामुखी पाहायला घोड्यावरून जायचे होते. त्या वेळी इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसत. त्यासाठी खास खोगीर असे. अशा बैठकीत पाय एकीकडे आणि नजर समोर, त्यामुळे कंबरेला सतत पीळ पडतो. ज्यांचा मणका आधीच दुखावलेला आहे त्यांचे काय होत असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. इझाबेलांची पाठ इतकी दुखू लागली की त्यांनी जाण्याचा बेत जवळजवळ सोडलाच होता. तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की हवाईतील स्त्रियांप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून, मेक्सिकन पद्धतीच्या खोगिरावर बसून पाहावे. सुरुवातीला त्यांना संकोच वाटला, पण त्यांनी ते करून पाहिले. त्या ज्वालामुखीपर्यंत गेल्या आणि परतही आल्या. पुढच्या काही महिन्यांत सुमारे ४,१७० मीटर उंचीच्या माउना लोआवर चढून त्यांनी विवराच्या काठाशी रात्र काढली.

आजार होता तसाच होता. बदलले ते खोगीर.

यासाठी त्यांना टीकाही सोसावी लागली. सैल विजार आणि त्यावर घागरा असा त्यांचा पोशाख असे. लंडनच्या एका वर्तमानपत्राने तो पुरुषी ठरवला, तेव्हा त्या चांगल्याच संतापल्या. कोलोरॅडोमध्ये शहरात शिरताना मात्र त्या लोकलाजेस्तव एका बाजूला बसत. कमरेचा पट्टा किंवा हातातली काठी लोकांना दिसेल म्हणून घरी ठेवून निघालेले रुग्ण मला नेहमी भेटतात, त्यामुळे हा तपशील वाचताना हसू येत नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्या रॉकी पर्वतात लाँग्ज पीकवर चढल्या. उंची १४,२५९ फूट, म्हणजे सुमारे ४,३४६ मीटर. उंचीने पाच फुटांहूनही कमी असलेल्या या बाईंबरोबर दोन तरुण आणि जिम न्यूजंट हा एका डोळ्याने अधू झालेला वाटाड्या होता. पायांत दुसऱ्याचे मोठे, सैल बूट. वाटेत एका खडकाखाली कोणीतरी टाकून दिलेले छोटे ओव्हरशूज सापडले, ते त्या दिवसापुरते टिकले. रात्री थंडीत जिमचा कुत्रा रिंग त्यांच्या पाठीला टेकून झोपला. कठीण चढावर जिमने त्यांना दोर लावून अक्षरशः ओढून नेले. परतताना त्या इतक्या थकल्या होत्या की त्यांना घोड्यावर बसवावे आणि उतरवावे लागले. हे सगळे त्यांनी पुस्तकात लपवाछपवी न करता लिहिले आहे. मदत घेतली म्हणून शिखर कमी झाले असे त्यांना वाटले नाही.

मग घरी आजारी का?

इझाबेला घरी अंथरुणाला खिळत आणि बाहेर मैलोन्मैल घोडदौड करत. त्यामुळे त्यांचा आजार मनाचा खेळ होता, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. दीडशे वर्षांनंतर निदान करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पण दीर्घकालीन वेदना रोज सारखी नसते, हे रुग्णांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे. रविवारी देवळाच्या पायऱ्या चढलेली आई सोमवारी उठू शकत नसेल, तर ती सोंग करत नसते. झोप, मनःस्थिती, हालचाल आणि आपला दिवस आपण ठरवतो की इतर ठरवतात, या सगळ्यांचा वेदनेवर परिणाम होतो. जास्त दिवस पडून राहिल्याने स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात आणि हालचालीची भीती वाढते. म्हणूनच नेहमीच्या कंबरदुखीत दीर्घ विश्रांतीचा सल्ला आता दिला जात नाही.

१८७८ साली त्या जपानला गेल्या तेव्हाचे त्यांचे सामान पाहण्यासारखे आहे. घडीची खुर्ची, कारण जपानी घरांत जमिनीवर बसावे लागे. हवेची उशी. जमिनीपासून अडीच फूट उंच असलेली कापडी खाट, ती मुख्यतः पिसवांपासून बचावासाठी. रबरी टब. आणि अर्थातच स्वतःचे मेक्सिकन खोगीर. एकूण वजन ११० पौंड. सोबत इतो हा तरुण दुभाषी. हे सगळे परवडण्याइतके पैसे त्यांच्याकडे होते, हेही खरे.

त्यांचे सगळेच अनुकरण करावे असे नाही. हिमवादळात एकट्याने घोडा हाकणे हा अविचार होता. लडाखमध्ये श्योक नदी ओलांडताना घोडा बुडाला आणि त्यांची एक बरगडी मोडली. तुमच्या पाठदुखीबरोबर पायांत ताकद कमी होत असेल, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर सहल रद्द करून तातडीने रुग्णालयात जा. ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पूर्वी झालेली गाठ असेल, तर निघण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

१८८० मध्ये बहीण हेन्रिएटा विषमज्वराने गेली. पुढच्या वर्षी इझाबेलांनी डॉ. जॉन बिशप यांच्याशी लग्न केले, तेही १८८६ मध्ये वारले. त्यानंतर त्या भारतात आल्या आणि काश्मीरमध्ये पतीच्या, तर पंजाबमध्ये बहिणीच्या नावाने रुग्णालये उभारण्यास मदत केली. १८९२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांत त्या होत्या. पुढे कोरिया आणि चीन झाले.

१९०१ साली, सत्तरीला आल्यावर, त्या मोरोक्कोत गेल्या. तिथे मिळालेला काळा घोडा इतका उंच होता की त्यावर चढण्यासाठी त्यांना शिडी लागे. ती शिडी त्या सोबत घेऊन हिंडत. १९०४ साली एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले.